शिवेपलीकडचे मूल

१

गावात पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा काढण्याची प्रथा महाराष्ट्रातील खेड्यांत विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू होती. लहानसा लाकडी गाडा सजवून त्यात देवीचे प्रतीक ठेवायचे, खण-नारळ, लिंबे, कडुनिंबाचा पाला आणि नैवेद्य वाहायचा, आणि वाजतगाजत तो गाडा गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पलीकडे सोडून द्यायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर न्यावा, त्या गावाने त्याच्याही पुढे. या प्रथेला अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे, आणि आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने ते यथार्थही आहे. परंतु तिच्यात दडलेला नीतिविचार स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे. गाडा काढणारे गाव क्रूर नसते. ते एकत्र येते, वर्गणी काढते, एकमेकांच्या घरातले मृत्यू आपले मानते. त्याच्या करुणेला फक्त एक मर्यादा असते, आणि त्या मर्यादेचे नाव शीव. दुःख नाहीसे करता येत नाही, ते केवळ दुसरीकडे हलविता येते, अशी ज्या जगाची धारणा असते त्या जगात याहून निराळे वर्तन संभवतही नाही.

रोगाचे निर्मूलन ही कल्पना या धारणेला मुळातूनच छेद देते. नियंत्रण आणि निर्मूलन हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांच्यात केवळ प्रमाणाचा भेद नाही; त्यांची नैतिक जातच वेगळी आहे. नियंत्रणात शीव शिल्लक राहते. आपल्या देशात, आपल्या शहरात, आपल्या वर्गात रोग कमी झाला की नियंत्रण साधले. निर्मूलनाला अशी सवलत नाही. पृथ्वीच्या पाठीवर कोठेही, कितीही दुर्गम दरीत, एका मुलाच्या शरीरात जरी तो विषाणू जगत असेल, तरी निर्मूलन झालेले नसते. म्हणजे या संकल्पात सर्वांत दूरचे, सर्वांत उपेक्षित मूल हेच सर्वांत महत्त्वाचे ठरते. इतर कोणत्याही मानवी उद्योगात नव्व्याण्णव टक्के यश हे यशच मानले जाते. येथे उरलेला एक टक्का हाच सगळा प्रश्न असतो.

अशा संकल्पाच्या वाटेत २०२० साली एक महासाथ आली, आणि जगभर चालू असलेली पोलिओ-निर्मूलनाची मोहीम काही महिने जागच्या जागी थांबली. त्या थांबण्यातून एक प्रश्न उभा राहिला, आणि तो वैद्यकाचा जितका आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. जे दुःख डोळ्यांसमोर आहे त्याच्यासाठी, जे दुःख अद्याप घडलेले नाही त्याला थांबायला सांगावे काय? आणि सांगायचेच झाले, तर कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने?

२

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी निर्मूलनाचा अल्प इतिहास लक्षात घेतला पाहिजे. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाविरुद्धची मोहीम तीव्र केली. भारतात १९७४ साली देवीने थैमान घातले होते. पुढच्याच वर्षी भिंतीभिंतींवर देवीचा रोगी कळविणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, आणि १९७५ सालीच देशातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला. जगातील नैसर्गिक संसर्गाचा अखेरचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का या बंदराच्या गावी आढळला. अली माओ मालिन हा तेथल्या रुग्णालयातील तरुण स्वयंपाकी. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याचा वण नाही अशा पिढ्या आज प्रौढ झाल्या आहेत. आपल्यासाठी कोणी काय केले याची त्यांना कल्पनाही नसते, आणि हेच त्या कार्याचे यश आहे. परिपूर्ण उपकाराची खूण अशी की ज्याच्यावर तो झाला त्याला तो आठवत नाही.

मात्र या यशाशेजारी एक अपयश ठेवून पाहिले पाहिजे. हिवतापाच्या निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि १९६९ साली सोडून देण्यात आला. भारतात १९६०च्या दशकाच्या आरंभी हिवतापाचे वार्षिक रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले होते. १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. अर्ध्यावर सोडलेले निर्मूलन अर्धे निर्मूलन म्हणून टिकून राहत नाही, हा या आकड्यांचा अर्थ. अर्धी विहीर खणून ठेवली तर पुढच्या वर्षी तेथूनच पुढे खणता येते. रोगाच्या बाबतीत मधल्या काळात माती पुन्हा भरून येते, आणि पुष्कळदा जमीन पूर्वीपेक्षा कठीण झालेली असते.

पोलिओ-निर्मूलनाचा संकल्प १९८८ साली झाला. त्या वेळी सव्वाशेहून अधिक देशांत दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती. पोलिओ हा देवीपेक्षा अवघड शत्रू, कारण तो दिसत नाही. देवीचा रोगी कोणालाही ओळखता येई. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकाच्या अंगावर पक्षाघाताची खूण उमटते. बाकीची हसत-खेळत तो विषाणू पुढे देत राहतात. म्हणून येथे रोगी शोधून त्याच्याभोवती कुंपण घालणे पुरत नाही. प्रत्येक घराचे दार ठोठवावे लागते, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब घालावे लागतात, आणि हे एकदा नव्हे, तर पुनःपुन्हा. भारतात १९९५ पासून हेच घडले. देशव्यापी फेरीत वीस लाखांहून अधिक कार्यकर्ते घरोघर जात. २००९ साली जगातील पोलिओच्या निम्म्याच्या जवळपास रुग्ण भारतात होते, एकूण ७४१. २०१० साली ते ४२ वर आले. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा देशातील नैसर्गिक विषाणूचा अखेरचा रुग्ण ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

या प्रक्रियेत एक सूक्ष्म नैतिक स्थित्यंतर घडते. मोहिमेच्या आरंभी आई आपल्या मुलाला थेंब पाजते ते त्याच्या रक्षणासाठी. रोग विरळ होत गेला की त्या मुलाला असलेला प्रत्यक्ष धोका जवळजवळ शून्यावर येतो. तरीही थेंब पाजावेच लागतात. आता ते थेंब त्या मुलासाठी कमी आणि कोठल्या तरी दुसऱ्या, न पाहिलेल्या, कदाचित न जन्मलेल्या मुलासाठी अधिक असतात. भारतीय परंपरेने माणसावर तीन ऋणे सांगितली. त्यांपैकी पितृऋणाचे वैशिष्ट्य असे की ते मागे फेडता येत नाही, ते पुढच्याच पिढीला द्यावे लागते. निर्मूलन हे या जातीचे ऋण आहे. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ साली उत्तरदायित्वाच्या तत्त्वावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही सर्व जबाबदारीचा आदिनमुना नवजात अर्भकात दिसला. ज्याचे केवळ अस्तित्व हीच एक मागणी असते, ते अर्भक. पोलिओच्या मोहिमेतील प्रत्येक ठोठावलेले दार म्हणजे या मागणीला दिलेले उत्तर होते.

३

मार्च २०२० मध्ये हे ठोठावणे थांबले. त्या महिन्याच्या २४ तारखेस जागतिक पोलिओ-निर्मूलन उपक्रमाच्या नियामक मंडळाने घरोघर जाऊन केल्या जाणाऱ्या लसीकरणाच्या मोहिमा स्थगित करण्याची शिफारस केली. या निर्णयामागचे कारण उपेक्षा नव्हती, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. कोविडची साथ सर्वत्र पसरत होती. संरक्षक साधने अपुरी होती. दिवसाला कित्येक घरांत जाणारी, मुलांना हाताळणारी, बहुधा अल्प मानधनावर काम करणारी स्त्री नकळत मृत्यूची वाहक ठरू शकली असती. जी व्यक्ती रक्षणासाठी दाराशी येते तिनेच संकट आत आणावे, हे वैद्यकाच्या सर्वांत जुन्या नियमाविरुद्ध होते. अपाय करू नये, हा तो नियम.

परंतु अपाय न करण्याचे कर्तव्य आणि अपाय टाळण्याचे कर्तव्य ही दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी राहिली म्हणजे काय होते, याचे हे अत्यंत स्वच्छ उदाहरण आहे. दार ठोठावले तर आजची आजी मरण्याची शक्यता; न ठोठावले तर उद्याचे मूल पंगू होण्याची शक्यता. दोन्ही शक्यताच. पण आजीला नाव आहे, चेहरा आहे, ती समोर ओट्यावर बसलेली आहे. उद्याच्या मुलाला नाव नाही. ते कोणते मूल हे कोणालाच ठाऊक नाही. मानवी करुणा नावाला आणि चेहऱ्याला प्रतिसाद देते. हा तिचा दोष नव्हे, तिचा स्वभावच तसा आहे. निर्मूलनाचा संकल्प मात्र या स्वभावाच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न करतो. निनावी मुलालाही नाव असलेल्या माणसाइतकाच हक्क आहे, असे तो सांगतो. महासाथीने हा प्रयत्न किती नाजूक पायावर उभा आहे ते दाखविले.

परिणाम काय झाला? ऑगस्ट २०२० मध्ये युनिसेफने जाहीर केले की पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत पाच कोटी मुले पोलिओच्या लसीला मुकली. त्यांतील चार कोटी पाकिस्तानातील. नैसर्गिक विषाणूचे अखेरचे दोन आश्रयस्थान हेच देश होते. जुलै २०२० पासून तेथील मोहिमा हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. दरम्यान दुसरे एक संकट वाढले होते. तोंडावाटे द्यावयाच्या लसीतील दुर्बल केलेला विषाणू, ज्या वस्तीत पुरेसे लसीकरण झालेले नसते तेथे मुलांमुलांत फिरत राहतो आणि कालांतराने पुन्हा बलवान होऊ शकतो. लसीपासून उत्पन्न झालेल्या अशा विषाणूने २०२० साली जगात हजाराहून अधिक मुलांना पंगू केले, अफगाणिस्तानात तीनशेहून अधिक. उपाय अर्धवट राहिला तर तोच अपाय होतो, हे बोधकथेत शोभणारे वचन येथे शब्दशः खरे ठरले.

तथापि येथे कार्यकारणाची सोपी साखळी जुळविण्याचा मोह टाळला पाहिजे. महासाथीपूर्वीच, २०१९ साली, नैसर्गिक पोलिओचे रुग्ण ३३ वरून १७६ वर गेले होते. अफगाणिस्तानच्या मोठ्या भागात घरोघर लसीकरणावर तालिबानने २०१८ पासूनच बंदी घातलेली होती. आणि याउलट, २०२१ साली जगात नैसर्गिक पोलिओचे अवघे ६ रुग्ण नोंदले गेले. महासाथीने निर्मूलनाला सुरुंग लावला, असे म्हणणाऱ्याला हा आकडा अडचणीचा वाटेल. महासाथीने काहीच बिघडले नाही, असे म्हणणाऱ्याला तो सोयीचा वाटेल. दोघेही चुकतील. २०२२ साली रुग्ण पुन्हा ३० झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आफ्रिकेतील मलावी या देशात एका मुलीला झालेल्या पोलिओचे निदान झाले. तो विषाणू २०१९ साली पाकिस्तानच्या सिंध प्रांतात आढळलेल्या विषाणूच्या वंशातील होता. आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओपासून मुक्त झाल्याचे ऑगस्ट २०२० मध्येच प्रमाणित झाले होते. सिंधपासून मलावीपर्यंतच्या दीर्घ प्रवासात तो विषाणू कोणालाही दिसला नव्हता. २०२४ साली जगातील रुग्णसंख्या ९९ वर पोहोचली, आणि निर्मूलनाची मुदत, जी मुळात इसवी सन २००० ही होती, ती आणखी एकदा पुढे ढकलावी लागली.

या चढउतारांतून निघणारा नैतिक निष्कर्ष असा की कृत्याची योग्यता परिणामांच्या जमाखर्चावर सोपविता येत नाही. २०२१चा आकडा लहान निघाला म्हणून २०२०ची स्थगिती निर्दोष ठरत नाही, आणि २०२४चा मोठा निघाला म्हणून ती दोषी ठरत नाही. निर्णय घेणाऱ्यांसमोर त्या दिवशी जे होते त्यावरून तिचा न्याय करावा लागतो, आणि त्या दृष्टीने ती योग्य होती असेच म्हणावे लागेल. परंतु योग्य निर्णयही एखाद्यावर अन्याय करून जातो. नीतिशास्त्रातील हा सर्वांत अवघड भाग आहे. ज्याने उसने घेतले त्याने चोरी केलेली नसते, तरीही तो ऋणको असतो. थांबणे हे असे उसने घेणे होते, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला विचारले गेले नव्हते. विचारणे शक्यही नव्हते, कारण ते मूल होते. काही बाबतींत ते जन्मलेलेही नव्हते.

४

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. अखेरच्या काही रुग्णांच्या मागे अब्जावधींचा व्यय करणे हाच मुळात विवेक आहे काय? त्याच पैशांत स्वच्छ पाणी, प्राथमिक उपचार, गोवराची लस यांच्या अभावी मरणारी किती मुले वाचतील? हा आक्षेप अज्ञ माणसांचा नाही. देवीच्या निर्मूलनाचे नेतृत्व करणारे डी. ए. हेंडरसन हे स्वतः पुढील निर्मूलन-संकल्पांविषयी दीर्घकाळ साशंक होते. आणि हाच प्रश्न कराचीच्या वस्त्यांतील आणि सरहद्दीच्या डोंगरांतील आईबापांनी फार पूर्वीपासून आपल्या भाषेत विचारला आहे. वर्षातून कितीदा तरी थेंब घेऊन दाराशी येता, मग पाणी घेऊन का येत नाही? ताप आला तेव्हा औषध घेऊन कोणी का आले नाही? हा रोग आमचा आहे, की तुमचा?

या प्रश्नात अविश्वास आहे, आणि त्या अविश्वासाला इतिहास आहे. २०११ साली अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा शोध घेण्यासाठी लसीकरणाच्या मोहिमेचे सोंग उभे केले होते. दाराशी आलेल्या लसीच्या पेटीत हेर लपलेला असू शकतो, ही अफवा त्या दिवशी खरी ठरली. डिसेंबर २०१२ पासून पाकिस्तानात लसीकरण करणाऱ्या स्त्रियांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. मार्च २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील जलालाबादेत तीन स्त्रिया मारल्या गेल्या; फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच देशाच्या उत्तर भागात एका दिवसात आठ कार्यकर्त्यांची हत्या झाली. सोंग रचणाऱ्यांनी किंमत दिली नाही. ती दिली दार ठोठावणाऱ्या बायकांनी.

या पार्श्वभूमीवर महासाथीचे वर्ष पाहिले म्हणजे त्या आईबापांच्या प्रश्नाला एक अनपेक्षित धार येते. दारिद्र्याचे रोग दशकानुदशके माणसे मारीत होते, तेव्हा जग थांबले नाही. श्रीमंतांच्या श्वासात शिरणारा रोग आला तेव्हा विमाने, कारखाने, शाळा, सारे थांबले, आणि त्यांच्याबरोबर गरिबाच्या मुलाचे दोन थेंबही थांबले. त्या रोगावरची लस विक्रमी वेगाने तयार झाली. परंतु २०२१ साल संपताना अत्यल्प उत्पन्नाच्या देशांत एक तरी मात्रा मिळालेल्या लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्याच वेळी संपन्न देश वर्धक मात्रा घेत होते. सीमा बंद झाल्या, साठे झाले, प्रत्येक राष्ट्राने वाजतगाजत आपला गाडा शिवेपर्यंत नेला. ज्या शतकाने देवी नाहीशी करून शीव पुसण्याचा पराक्रम केला, त्याच्या नंतरच्या शतकाने पहिल्या मोठ्या भयात जुनाच मार्ग धरला.

असे असले तरी उपकाराचा ओघ एकाच दिशेने नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. जुलै २०१४ मध्ये नायजेरियातील लागोस या महानगरात इबोलाचा रुग्ण उतरला, तेव्हा पोलिओसाठी उभारलेली आपत्कालीन यंत्रणा आणि तिच्यात शिकलेली माणसे तत्काळ कामास लावली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो देश इबोलामुक्त जाहीर झाला. २०२० साली हेच पुन्हा घडले. पोलिओचे रुग्ण शोधणारे कार्यकर्ते कोविडचे संपर्क शोधू लागले. आणखी एक योगायोग अर्थपूर्ण आहे. लसीपासून उत्पन्न होणाऱ्या विषाणूवर उपाय म्हणून तयार केलेल्या पोलिओच्या नव्या लसीला नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीच्या वापराची मान्यता दिली. या पद्धतीने मान्यता मिळालेली ती पहिलीच लस. कोविडची लस त्याच दाराने आली, पण नंतर. म्हणजे ज्या संकल्पाला थांबायला सांगितले गेले, त्यानेच थांबायला सांगणाऱ्याच्या संकटात आपली माणसे आणि आपली वाट दिली. निर्मूलनाचा पैसा वाया जातो, या आक्षेपाचे उत्तर काही अंशी येथे आहे. मात्र ते पूर्ण उत्तर नव्हे. पाणी का आणले नाही, हा प्रश्न उरतोच. निर्मूलन ज्या वस्तीकडे केवळ विषाणूचा अड्डा म्हणून पाहते, तिला माणसांची वस्ती म्हणून पाहत नाही, तिच्याकडून ते निःस्वार्थ सहकार्याची अपेक्षा करू शकत नाही.

आणि शीव तरी टिकली काय? जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण पोलिओने पंगू झाल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यात हा विषाणू सापडला. गाडा सोडून आलेल्या गावाच्या पाठीमागच्या वेशीतून तो पुन्हा आत येतो, हे मरीआईच्या भक्तांनाही अनुभवाने ठाऊक असले पाहिजे.

५

या सर्व विवेचनाचे सार एका लहानशा घटनेत एकवटलेले दिसते. भारतात २०२१ सालचा राष्ट्रीय पोलिओ लसीकरण दिन १७ जानेवारीस ठरला होता. १६ जानेवारीस कोविडच्या लसीकरणास आरंभ होणार असल्याने तो ३१ जानेवारीपर्यंत पुढे ढकलला गेला. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर घातले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि सुदैवाने सर्व मुले बरी झाली. या प्रकारात दोषी कोण याचा निवाडा प्रशासनाने करावयाचा असतो. विचार करणाऱ्याला त्यात दिसते ते वेगळे. एका रोगाच्या भयाने हातात आलेली बाटली दुसऱ्या रोगाच्या औषधाच्या जागी ठेवली गेली. महासाथ निर्मूलनाला कशी बाधते, याचे याहून स्पष्ट चित्र मिळणे कठीण. जे भय सर्वांत जवळचे असते ते दूरच्या कर्तव्याची जागा घेते, आणि हे जाणूनबुजून घडत नाही. ते थकव्याने घडते, घाईने घडते, लक्ष दुसरीकडे असल्यामुळे घडते.

मग थांबायला सांगण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो? वरील विवेचनावरून तीन अटी सांगता येतील. पहिली अशी की जो थांबायला सांगतो त्याने स्वतःही काही सोसलेले असावे. केवळ दुसऱ्याच्या मुलाचे भवितव्य तारण ठेवून स्वतःचे रक्षण करणे म्हणजे गाडा पुढे ढकलणे होय. दुसरी अशी की थांबणे हे ऋण म्हणून नोंदले जावे. ती केवळ एक अपरिहार्य घटना होती असे म्हणून वही बंद करता येत नाही. कोणत्या वस्तीतली किती मुले राहिली हे मोजले गेले पाहिजे, कारण न मोजलेले ऋण कोणी फेडत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की संकट ओसरल्यावर पहिली फेरी ज्यांना थांबविले त्यांच्या दाराशी झाली पाहिजे, आणि त्या वेळी हातात दोन थेंबांखेरीज आणखीही काही असले पाहिजे. या तीन अटींवर २०२० नंतरची वर्षे पारखली, तर दुसरी अट बऱ्याच अंशी पाळली गेली, पहिली विषम रीतीने पाळली गेली, आणि तिसरी अजून अपुरी आहे, असाच निर्णय द्यावा लागतो.

देवीचा अखेरचा नैसर्गिक रुग्ण ठरलेला अली माओ मालिन त्या आजारातून वाचला. तो रुग्णालयात काम करीत असूनही सुईच्या वेदनेच्या भीतीने त्याने देवीची लस टाळली होती. पुढे त्याच्या देशात पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या तेव्हा तो त्यांत सामील झाला. लस नाकारणाऱ्या आईबापांना तो स्वतःची कहाणी सांगे. त्याच्या भीतीला त्यांच्या भीतीची भाषा कळत होती, म्हणून ते त्याचे ऐकत. २०१३ साली सोमालियात पोलिओ पुन्हा उद्भवला, आणि त्याविरुद्धच्या मोहिमेत काम करीत असताना त्याच वर्षी जुलैमध्ये तो मरण पावला. त्याला हिवताप झाला होता.

एका रोगाचे निर्मूलन ज्याच्यापाशी येऊन पूर्ण झाले, तो माणूस दुसऱ्या रोगाच्या निर्मूलनासाठी झटताना तिसऱ्या एका रोगाने गेला. आणि तो तिसरा रोग म्हणजे ज्याचे निर्मूलन जगाने १९६९ साली अर्ध्यावर सोडले होते, तो. पूर्ण केलेले काम, चालू असलेले काम आणि सोडून दिलेले काम अशा तिन्ही कामांची शीव त्याच्या एका आयुष्यातून गेली होती.